बेटावरच्या दोन हाका

अहो, परवा तुमचा तेरावा झाला आणि आज सकाळच्या गाडीनं रेवती पुण्याला गेली. चार दिवस तरी माझ्याकडे चल म्हणून लेकीनं किती गळ घातली. मी नाही म्हटलं. तिला वाटलं, आईला घर सोडवत नाही. तसं काही नाही. मला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि घरात तिसरं माणूस असलं की मला तुमच्याशी धड भांडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या शाळेतले दोघे मास्तर येऊन गेले. सरांविषयी चार ओळी लिहून द्या म्हणाले. जन्म कुठला, नोकरी कुठे कुठे, कोणते विद्यार्थी नावारूपाला आले. ते त्यांचं ते लिहितील. मी धारवाडच्या कोर्टात जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या टाइप केल्या, आता एक माझी आहे आणि ती तुमच्यापुढेच द्यायची आहे. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही परसातून मला दोनदा हाक मारलीत आणि मी आले नाही. ही एक गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक आहे. दुसरी ठाऊक नाही. बेटावरच्या हाकेबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्या खोट्यापायीच मी त्या संध्याकाळी जागची हलले नाही, म्हणून आधी ते सांगते.

समुद्राचं वेड तुमचं. मला कुठलं आलंय. तीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवलात, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. फळ्यावर बाण काढून काढून तुमची बाही पांढरी व्हायची, ती धुवायची मी. आणि एवढं शिकवणाऱ्या माणसानं समुद्र बघितला होता तो गुडघाभर पाण्यात उभं राहून, शाळेची सहल घेऊन गेल्यावर. निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी रेवतीनं विचारलं, अप्पा, तुम्हाला काय हवं? लोक काशीला जायचं म्हणतात. तुम्ही म्हणालात, मला शिडाची बोट हवी. चार दिवस. इंजिनावर चालणारी नको, वाऱ्यावर चालणारी.

तिनं कुठून कुठून चौकशी करून कारवारात एकजण शोधला. आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी खोली असलेली त्याची बोट, आणि ती हाकायला दत्ता. कारवारहून निघायचं, किनारा डावीकडे धरून होन्नावरपर्यंत खाली जायचं, वाटेत बेटं बघायची, परत यायचं. मी म्हटलं, अहो, मला पोहता येत नाही. तुम्ही म्हणालात, मला तरी कुठे येतंय. आता यावर माणसानं काय बोलावं? मुकाट्यानं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून घेतली.

पहिला दिवस मी ओकण्यात घालवला. तुम्ही एका हातानं माझं कपाळ धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं बोटीची दोरी, आणि दत्ताला कन्नडमध्ये सांगत होतात की आमच्या बाई कोर्टात भल्याभल्या वकिलांना गप्प करायच्या. दत्ता हसत होता. तिशीतला, खारवी कोळ्यांचा मुलगा, तुमच्याशी कन्नड, स्वतःशी कोकणी आणि माझ्याशी मोडकंतोडकं मराठी. मला त्या वेळी तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू. पण कपाळावरचा हात तुम्ही तासभर काढला नाहीत. त्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही, आज बोलते. बरं वाटलं होतं मला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तुम्ही मला हलवून बाहेर नेलंत. समुद्र राखाडी होता आणि जमिनीकडून वारा येत होता, ओल्या पाल्याचा आणि कुणाच्यातरी चुलीच्या धुराचा वास घेऊन. शीड आवाज न करता भरलं आणि बोट पुढे सरकली. तुम्ही दोन्ही हात पसरून उभे होतात आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "शैला, हे खरं आहे गं," म्हणालात, "मी इतकी वर्षं पोरांना सांगत होतो ते खरं आहे." मला हसू आलं. पण पस्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही मला इतके आवडलात असं फार वेळा झालं नाही, आणि तेही मी बोलले नाही.

त्याच दिवशी तुम्ही तो जुना हट्ट पुन्हा धरलात. नाव घे म्हणून. लग्नात, डोहाळजेवणात आणि रेवतीच्या लग्नात मिळून मी तुमचं नाव तीनदा घेतलं असेल, तेही उखाण्यात, बायकांनी दार अडवून धरलं म्हणून. एरवी अहो. तुम्ही म्हणालात, इथं ऐकायला कोण आहे, मासे? यमक न जुळवता एकदा नुसती हाक मार की, माझ्या आईनं मारावी तशी. मी म्हटलं, काहीतरीच तुमचं. आमच्या घरात आईनं, काकूनं, कुणी कधी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती आणि कोर्टात नोकरी केली म्हणून माझी जीभ काही वेगळी झाली नव्हती. तुम्ही जरा हिरमुसलात. मी ते बघितलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

तिसऱ्या दिवशी ते बेट. संध्याकाळी पाच वाजता नांगर टाकला. लाल दगडाचा पडका तट, वर दाट झाडी, आणि आत गोड्या पाण्याची विहीर आहे असं दत्ता म्हणाला. त्याच्या मनात तिथं थांबायचं नव्हतं. सूर्य पाण्याला टेकायच्या आत परत यायचं, एवढं मात्र त्यानं दोनदा बजावलं. छोट्या होडीतून आपण वाळूवर उतरलो. माझा गुडघा धरला होता, म्हणून मी खालीच बसले. तुम्ही काठी घेऊन विहीर बघायला वर गेलात. दत्ता होडीपाशी तिच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडत बसला.

आधीच्या बेटांवर पक्ष्यांनी कान किटवले होते. इथं एक पाखरू नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट, जी मी तुम्हाला नंतर सांगितली तर तुम्ही हसलात. लाट खडकावर फुटलेली दिसायची आणि आवाज जरा मागाहून यायचा. खडक पन्नास पावलांवरसुद्धा नव्हता. मी डोळे चोळून बघितलं, पुन्हा तसंच. मग मी लाटांकडे बघायचंच सोडलं आणि तुमची वाट बघू लागले. अर्धा तास झाला, पाऊण झाला. ऊन लाल झालं. तुम्ही कुठे दिसेनात.

आणि मग तुम्ही धावत खाली आलात. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चपला हातात, काठी वरच विसरलेली, तोंडभर हसू. आलो, आलो, म्हणत. थेट दत्तापाशी गेलात आणि त्याचा खांदा धरून म्हणालात, ऐकलंस काय रे, पस्तीस वर्षांनी माझ्या बायकोनं मला नावानं हाक मारली.

मी म्हटलं, "मी कुठे मारली हाक?"

तुम्हाला वाटलं, लाजतेय. तुम्ही दत्ताला साक्षीला ओढलंत. दत्ता म्हणाला, मी तर इथंच आहे, बाईंचा आवाज काही ऐकला नाही मी. मग त्यानं हातातली सुरी खाली ठेवली आणि विचारलं, किती वेळा ऐकलीत? दोनदा, तुम्ही म्हणालात. विहिरीत वाकून बघत होतात, तेव्हा पहिली खालून, पाण्याच्या बाजूनं आली. तुम्हाला इतकं बरं वाटलं की तुम्ही ओ दिली नाही, म्हटलं आणखी एकदा ऐकू या. दुसरी आली ती पाठीमागून, अगदी जवळून. तुम्ही वळलात, तिथं कुणी नव्हतं, पण आवाज माझाच होता म्हणून तुम्ही जोरात ओ दिलीत आणि निघालात.

दत्ता एवढंच म्हणाला, "ओ द्यायला नको होती, सर."

त्यानं आपल्याला होडीत बसवलं. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, म्हणजे बेटाकडे. बोटीपर्यंत दत्तानं डोळे मिटून वल्ही मारली. बोटीवर चढल्यावर नांगर उचलून बरंच पुढे गेलो, तेव्हा त्यानं सांगितलं. त्यांच्यातली म्हातारी माणसं म्हणतात, तिथं जे काही आहे ते माणसाचा आवाज उचलतं. दोनदा हाक मारतं. तिसरी त्याला मारता येत नाही. म्हणून त्या बाजूला मासे धरायला जाणारे एकमेकांना तीनदा हाका मारतात आणि तिसरी आल्याशिवाय कुणी ओ देत नाही.

तुम्ही भूगोलाचे मास्तर, तुम्ही आवाज तटावर आपटून कसा परततो ते समजावू लागलात. मी मात्र दत्ताचं ते बोलणं धरून बसले. कोर्टात नाही का, शिपाई दारात येऊन तीन पुकारे करतो आणि तिसऱ्यानंतरच पक्षकार हजर की गैरहजर ते ठरतं. आपलंही तेच. दिवेलागणीच्या वेळी कुणी कुणाला हाक मारली तर तीनदा मारायची आणि तिसरीलाच ओ द्यायची. तुम्ही हसत हसत माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत. नियम माझा होता, अहो. तुमचा नव्हता, दत्ताचाही नव्हता. माझा.

परतीच्या दिवशी वारा पडला. शीड लोंबत होतं आणि पाणी तेलासारखं स्थिर होतं. आपण समोरासमोर बसून जेवत होतो. तुम्ही घास हातात धरून मान वर केलीत, मागे, जिकडून आलो तिकडे बघितलंत आणि मला विचारलंत, हाक मारलीस? माझ्या तोंडात भाकरी होती. दत्तानं अडीअडचणीला ठेवलेलं इंजिन सुरू केलं आणि तुम्ही त्याला पहिल्यांदाच नको म्हणाला नाहीत.

केशवापूरला घरी आल्यावर वाटलं, संपलं. कुठलं संपतंय. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तुम्ही वर्तमानपत्र खाली करायचात आणि कान द्यायचात. एकदा धारवाडहून येताना बसमध्ये, गर्दीत, अर्धवट उठून उभे राहिलात. मी विचारलं की म्हणायचात, दोन झाल्या, तिसरीची वाट बघतोय. तिसरी कधी आली नाही. तुम्ही घाबरला नव्हतात, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची. एकदा तुम्ही म्हणालात, "आवाज तुझाच असतो गं. फक्त तू मला इतक्या प्रेमानं कधी हाक मारत नाहीस."

त्या रात्री मी जेवले नाही. तुम्हाला वाटलं, पित्त झालं.

मग आपलं भांडण सुरू झालं, जे तुम्ही अर्धवट टाकून गेलात. तुम्ही म्हणायचात, बेटावरची हाक तूच मारलीस, कबूल कर. मी म्हणायचे, नाही. तुम्ही म्हणायचात, तू नव्हतीस तर मला पुन्हा तिथं जाऊन बघायला हवं, कोण आहे ते. या हिवाळ्यात जायचं ठरवलंत, दत्ताला फोनसुद्धा केलात. मी चार दिवस अबोला धरला. एका वाक्यात मिटवण्यासारखं होतं ते भांडण, आणि ते वाक्य माझ्याकडे होतं.

नियम तुम्ही पाळायचात, पण त्याची चेष्टा करत. परसातून दोन हाका मारायच्या आणि तिसरी मुद्दाम लांबवायची. मी आत ताटकळत उभी, तुम्ही बाहेर मजेत. मी चिडून बाहेर येणार एवढ्यात तिसरी. नव्या नवरानवरीसारखे खेळ या वयात, असं मी ओरडायचे, आणि मला ते आवडायचंही.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. तुम्ही मागे कढीपत्त्याला पाणी घालत होतात. शैला, म्हणालात. मग जरा थांबून, शैला. दुसरी हाक बारीक होती. मला आधी वाटलं, चेष्टा. मग वाटलं, चेष्टेत आवाज असा बारीक होत नाही. आणि मग मनात आलं की हे तुम्ही नव्हेच, ते आहे, ते आता माझ्यासाठी आलंय, तुमचा आवाज घेऊन. मी तव्यापुढून हलले नाही. भाकरी फुगली, ती उतरवली. दुसरी थापली, तीही भाजली. दोन भाकऱ्यांना किती वेळ लागतो ते कुठल्याही बाईला विचारा. तिसरी हाक आली नाही. बाहेर आले तेव्हा नळी वाहत होती, पाणी तुमच्या अंगाखाली गेलं होतं आणि तुमचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं.

देशपांडे नगरचे आपले डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही शेजारी उभ्या असतात तरी काही करता आलं नसतं. मी पुष्कळ डॉक्टरांच्या साक्षी टाइप केल्या आहेत. मागे राहिलेल्याला धीर द्यायचा म्हणून ते कसं बोलतात ते मला कळतं. आणि समजा खरंच काही करता आलं नसतं, तरी मी शेजारी असते. तुम्ही दार बघत गेला नसतात.

आता ते वाक्य. बेटावर मी तुमचं नाव घेतलं होतं.

श्रीधर. असं. दत्ता होडीच्या पलीकडे वाकला होता आणि मला तुमची काळजी वाटत होती, म्हणून. आणि आदल्या दिवशी तुम्ही हिरमुसलात ते मनात होतं, म्हणूनही. बघावं तरी कसं वाटतं ते. ती हाकसुद्धा नव्हती, अहो. ओठातल्या ओठात, एकदाच, माझं मला ऐकू येईल न येईल इतकं. तुम्ही तटाच्या आत, चढावर, विहिरीपाशी. तुम्हाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. आणि तुम्ही ऐकलंत, दोनदा, ओ देण्याइतकं मोठ्यानं.

तेव्हाच हो म्हटलं असतं तर? तुम्ही आयुष्यभर मिरवलं असतं. दत्ता हसला असता, आपण हसलो असतो, ना नियम झाला असता ना मोजणं. पण परक्या माणसासमोर तुम्ही ते असं ओरडून सांगितलंत आणि एकसष्ट वर्षांची मी नव्या नवरीसारखी लाजले. लाजेनं नाही म्हटलं. बोटीवर गेल्यावर सांगणार होते, पण तोवर दत्ता बोलून गेला होता आणि मी घाबरले होते. घरी आल्यावर हेका होता, एकदा नाही म्हटलं की मी मागे हटत नाही. आणि शेवटी भीती. मी एकदा कुजबुजले असं सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच विचारलं असतं की मग त्या दोन मोठ्या हाका कुणी मारल्या. तो प्रश्न मला या घरात नको होता.

एक मात्र आहे. जे कुणी होतं त्यानं माझं ओठातलं उचलून तुमच्यापर्यंत नेलं. मी पस्तीस वर्षं दिलं नाही ते तुम्हाला त्यानं दिलं, आणि तुम्ही चपला हातात घेऊन हसत धावत आलात. त्याचा मला राग येतो आणि त्याचे उपकारही वाटतात. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला विचारू नका.

रेवती होती तोवर जमलं नाही, म्हणून आज दिवेलागणीला मी मागच्या दारात उभी राहिले. ठरवलं होतं, तीन हाका मारायच्या, म्हणजे तुम्हाला कळेल की मीच आहे, दुसरं कुणी नाही. श्रीधर, म्हटलं. शेजारी कुकरची शिट्टी होत होती, ती थांबेपर्यंत थांबले. मग पुन्हा, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, श्रीधर.

कढीपत्त्याकडून ओ आली.

तुमचा आवाज. शांत, घाई नसलेला, वर्तमानपत्र वाचता वाचता ओ देताना असायचा तसा. तिसरी हाक मी अजून मारली नव्हती. तिसरीची वाट न बघता दुसरीलाच जे ओ देतं ते काय असतं, हे मला ठाऊक आहे, नियम मीच केलेला आहे. पण मी काही मोजलं नाही. गॅसवर दूध होतं, ते तसंच सोडून अनवाणी परसात गेले. तिथं कुणी नव्हतं. दूध उतू गेलं, जाऊ दे. मी गेले, अहो. या वेळी मी लगेच गेले.